एम.ए. मराठी : "मराठी तर येतेच की, मग दोन वर्षं शिकतात तरी काय?"

पारोळा (वार्ताहर) : "मराठी तर आपल्याला येतेच. आईच्या पोटातून शिकून आलो. मग तिच्यासाठी दोन वर्षं आणि फी कशाला?" हा प्रश्न आपल्याकडे पारावर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या बैठकीत हमखास निघतो. खोटं कशाला बोलू, मागच्या वर्षी तो मीही विचारला होता. माझ्या पुतणीने बी.ए. झाल्यावर एम.ए. मराठीला नाव टाकलं तेव्हा. मी स्वतः बारावी. कपाशी लावतो आणि बातम्या लिहितो. मला वाटलं, मराठीत मी रोज लिहितोच, त्यात अजून शिकायचं काय राहिलं?

आता तिचं पहिलं वर्ष संपलं आहे आणि घरात नवा प्रश्न उभा आहे. तिचे वडील, म्हणजे आमचे मोठे भाऊ नाना, म्हणतात, "एक वर्ष झालं ना, आता एका वर्षाचंही सर्टिफिकेट मिळतं म्हणे. ते घे आणि थांब. स्थळ चांगलं आलंय." पोरगी म्हणते दुसरं वर्ष करायचंच. दोघांनी मला मध्ये घातलं. म्हणून मी दोन महिने कॉलेजात, विद्यापीठाच्या कागदांत आणि शिकलेल्या माणसांत फिरून माहिती गोळा केली. आपल्या तालुक्यात अशी घरं बरीच असतील, म्हणून ती इथे देतो आहे.

एम.ए. म्हणजे किती आणि काय?

बारावीनंतर तीन वर्षांची पदवी, त्यानंतर दोन वर्षांचं एम.ए. दोन वर्षांत चार सत्रं, म्हणजे सेमिस्टर. नवीन शैक्षणिक धोरण आपल्या राज्यात २०२३-२४ पासून एम.ए.ला लागू झालं. तेव्हापासून सगळं क्रेडिटमध्ये मोजतात. क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं माप, जसं आपलं क्विंटल. वर्गात १५ तास शिकलं की एक क्रेडिट. एका सत्राला २२, वर्षाला ४४ आणि दोन वर्षांचे मिळून ८८ क्रेडिट. ज्यांनी नव्या पद्धतीची चार वर्षांची ऑनर्स पदवी केली, त्यांना एम.ए. एकाच वर्षाचं.

नाना म्हणतात ते खोटं नाही. ४४ क्रेडिट पूर्ण करून एका वर्षाने बाहेर पडता येतं आणि पदव्युत्तर पदविका, म्हणजे पी.जी. डिप्लोमा मिळतो. पण त्याने काय होतं आणि काय होत नाही, ते पुढे सांगतो. निर्णयाची गाठ तिथेच आहे.

शिकवतात काय?

प्रत्येक विद्यापीठाचा अभ्यासक्रम थोडा वेगळा असतो, पण ढोबळ मानाने हे विषय सगळीकडे दिसतात.

पहिला, जुनं मराठी साहित्य. तेराव्या शतकातलं महानुभावांचं गद्य, ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा, पुढे पंडित कवी, शाहिरी, बखरी. म्हाइंभटांचं 'लीळाचरित्र' मराठीतला पहिला गद्य ग्रंथ मानतात. ते अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला रचलं गेलं. आता त्याच रिद्धपूरला सरकारने मराठी भाषेचं विद्यापीठ सुरू केलं आहे.

दुसरा, आधुनिक साहित्य. इंग्रज आल्यानंतरची कादंबरी, कथा, कविता, नाटक. त्यात ग्रामीण, दलित, आदिवासी आणि स्त्रियांचं साहित्य हे स्वतंत्र पेपर म्हणूनही असतात.

तिसरा, भाषाविज्ञान. भाषा कशी बनते, कशी बदलते, बोली म्हणजे काय.

चौथा, साहित्यशास्त्र आणि समीक्षा. एखादी कविता चांगली का वाटते, तिला चांगली कोण ठरवतं, ठरवायचे निकष कुठून आले, याचा अभ्यास. भरतमुनींच्या रससिद्धांतापासून पाश्चात्त्य विचारवंतांपर्यंत.

पाचवा, संशोधन पद्धती. पहिल्या सत्रात हा चार क्रेडिटचा विषय आहे. दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष काम किंवा क्षेत्रीय प्रकल्प चार क्रेडिटचा. दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प, तिसऱ्या सत्रात चार आणि चौथ्यात सहा क्रेडिटचा. म्हणजे नुसतं पाठ करून पेपर लिहिण्याचे दिवस गेले. स्वतः शोधून, पुरावा देऊन लिहावं लागतं.

वाचणं आणि अभ्यासणं, फरक कुठे?

हे मला पुतणीने एका उदाहरणावरून समजावलं. 'श्यामची आई' आपण सगळ्यांनी वाचली, नाहीतर ऐकली. साने गुरुजी आपल्या अमळनेरला शिक्षक होते. शाळेत आपल्याला प्रश्न असायचा, "आईने श्यामला कोणती शिकवण दिली?" उत्तर लिहिलं की झालं.

एम.ए.ला प्रश्न वेगळे. हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं गेलं. बाहेर स्वातंत्र्याचा लढा चालू असताना तुरुंगातला माणूस आईबद्दल का लिहितो? प्रकरणांना 'रात्र' का म्हटलं, आणि अशा ४२ रात्रींत गोष्ट का वाटली? गोष्ट सांगणारा श्याम मोठा झालेला आहे, मग लहानपणीचं आठवताना तो काय ठेवतो आणि काय गाळतो? त्या काळच्या घरातल्या बाईचे हाल त्यात दिसतात, ते गुरुजींना दाखवायचेच होते का, की सहज येऊन गेले?

मी म्हटलं, "बाई, हे तर पोलिसांच्या चौकशीसारखं झालं." ती हसली. म्हणाली, "काका, तुम्ही पंचनामा वाचून बातमी लिहिता ना? कोण बोलतंय, कुणाला सांगतंय, काय लपवतंय, हे बघता ना? तेच."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

आपला जिल्हा या पुस्तकांत भरलेला आहे

साहित्य म्हणजे पुण्या-मुंबईचं काम, असा आपल्याकडे समज आहे. तो काढून टाका. बहिणाबाई चौधरी आपल्या जळगावजवळच्या असोद्याच्या. जन्म १८८०, निधन १९५१. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात काम करताना त्या रचायच्या. मुलगा सोपानदेव कवी होता, त्याच्यामुळे त्या ओळी कागदावर राहिल्या. आचार्य अत्रे यांनी त्या बघितल्या आणि १९५२ मध्ये, बहिणाबाई गेल्यानंतर, पुस्तक आलं. ज्यांनी शाळेची पायरी चढली नाही, त्यांच्या कवितांवर आज पोरं एम.ए. आणि पीएच.डी. करतात. २०१८ पासून आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला नावही त्यांचंच आहे.

ज्ञानपीठ मिळालेले भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. त्यांची 'कोसला' १९६३ ची. बालकवी धरणगावचे. ना. धों. महानोर अजिंठ्याच्या डोंगराजवळ पळसखेडला शेती करत कविता लिहीत होते. २०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला झालं, त्याला आपल्यापैकी बरेच जण गेले असतील. शेजारी धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे, तिथे जुन्या हस्तलिखितांचा साठा आहे. अभ्यास करणाऱ्याला पुण्याला जायच्या आधी धुळं आहे.

आणि शेतकऱ्याबद्दल वाचायचं असेल तर सदानंद देशमुख यांची 'बारोमास' आहे. बुलढाण्याच्या या लेखकाला या कादंबरीसाठी २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकून नोकरी न मिळालेला शेतकऱ्याचा मुलगा त्यात आहे. पुतणीने मला ती वाचायला दिली. मी चार रात्री वाचली. कापसाचा भाव पडल्याच्या बातम्या मी इतकी वर्षं लिहितो, पण भाव पडल्यावर घरात नवरा-बायको एकमेकांशी कसे बोलतात, ते माझ्या बातमीत कधी आलं नाही. ते त्या पुस्तकात आहे.

आईची गाणी आणि चार क्रेडिट

दुसऱ्या सत्रात पुतणीला क्षेत्रीय प्रकल्प करायचा होता. तिने विषय घेतला आखाजीची गाणी. आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. हल्ली मोबाइलवर डीजे लावतात, ती गोष्ट वेगळी.

तिने सुरुवात घरातूनच केली, माझ्या आईपासून. माय आता सत्तरीच्या पुढे. आधी म्हणाली, "मला काही येत नाही, विसरले सगळं." मग पोरीने मोबाइल बाजूला ठेवून एक ओळ म्हटली, मुद्दाम चुकीची. माय लगेच म्हणाली, "असं नाही गं." आणि सुरू झाली. दोन तास. मी आणि नाना ओट्यावर बसून ऐकत होतो. त्यात सासरच्या जाचाचं एक गाणं होतं. आम्ही दोघं तिच्या पोटची पोरं, पण ते गाणं आम्ही जन्मात ऐकलं नव्हतं. नाना उठून गोठ्यात गेले.

पुतणीने ते सगळं अहिराणीत जसंच्या तसं लिहून घेतलं, मग प्रमाण मराठीत अर्थ दिला, गाव, वय, कधी म्हणायचे, कुणाकडून शिकलं अशी नोंद केली. अशा अकरा बायांची गाणी तिने जमवली. त्यात एकाच गाण्याची तीन गावांत तीन रूपं निघाली.

इथे भाषाविज्ञान कामाला आलं. आपण 'मला, तुला'ऐवजी 'माले, तुले' म्हणतो, 'आहे'ऐवजी 'शे' म्हणतो, पोराला 'अंडोर' आणि पोरीला 'अंडेर' म्हणतो. शाळेत याला अशुद्ध म्हणून आम्ही मार खाल्ला. अभ्यासात तसं कुणी म्हणत नाही. गुजरातीत 'छे' आहे, आपल्याकडे 'शे' आहे. शेजारच्या भाषांशी नातं आहे, त्याला नियम आहे, इतिहास आहे. बोली म्हणजे बिघडलेली मराठी नव्हे. हे कळायला मला पंचेचाळीस वर्षं लागली.

आता मुद्द्याचं : पोट भरतं का?

इथे गोड बोलून चालणार नाही.

*कॉलेजात प्राध्यापक.* त्यासाठी एम.ए. आणि त्यावर नेट किंवा सेट हा किमान दरवाजा धरून चाला. नेट देशपातळीवर होते, सहसा वर्षातून दोनदा. सेट आपल्या राज्यासाठी पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं. नेटला दोन पेपर, पहिला ५० प्रश्न १०० गुणांचा, दुसरा विषयाचा १०० प्रश्न २०० गुणांचा, एकूण तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. विषय मराठी घेता येतो.

पण दरवाजा उघडला म्हणजे खुर्ची मिळाली असं नाही. कायम जागा कमी निघतात. बरेच नेट-सेट झालेले लोक तासिका तत्त्वावर शिकवतात. तास घेतला तर पैसे, सुट्टीत काही नाही. माझ्या ओळखीचा एक जण सकाळी कॉलेजात तास घेतो आणि दुपारी ठिबकच्या दुकानात बसतो. काही खासगी संस्थांत जागेसाठी काय मागतात, ते मी लिहायची गरज नाही. अशा ठिकाणी शेत विकून पैसे भरू नका, एवढंच सांगतो.

*अकरावी-बारावीला शिक्षक.* एम.ए. आणि बी.एड. लागतं. पुढे शिक्षक अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टलवरून भरती. म्हणजे एम.ए.नंतर आणखी वर्षं धरावी लागतात.

*स्पर्धा परीक्षा.* यूपीएससीला मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो, २५० गुणांचे दोन पेपर. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे. पण लक्षात घ्या, त्यासाठी एम.ए. असलंच पाहिजे असा नियम नाही. एम.ए.चा अभ्यास तिथे उपयोगी पडतो, इतकंच.

*संशोधन.* नेटमध्ये वरचे गुण मिळाले तर जेआरएफ, म्हणजे पीएच.डी. करताना पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार रुपये आणि वर घरभाडे. त्याला वयाची अट आहे, खुल्या वर्गाला ३०, राखीव प्रवर्गाला आणि महिलांना सवलत. नुसत्या प्राध्यापकपदाच्या नेटला वयाची अट नाही. शिवाय राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या संस्था आपापल्या समाजघटकांतल्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात.

*बाकीची कामं.* भाषांतर, मुद्रितशोधन, वृत्तपत्रं, पाठ्यपुस्तकं, कार्यक्रमांचं लेखन, सबटायटल. कामं आहेत, पण नोकरीसारखा ठराविक पगार कमी ठिकाणी. आणि एक गैरसमज : बँकेतला राजभाषा अधिकारी मराठीवर होत नाही. तिथे हिंदी आणि इंग्रजीचं शिक्षण बघतात.

केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याने अभ्यासाला, संशोधनाला बळ मिळावं ही अपेक्षा आहे. पण दर्जा मिळाला म्हणजे उद्या गावागावात नोकऱ्या निघतील, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

५५ टक्के आणि अर्धवट सोडण्याचा हिशेब

हा भाग नीट वाचा. नेटला बसायला एम.ए.ला खुल्या वर्गासाठी ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५० टक्के. ५४.९ असेल तर ५५ धरत नाहीत. शेजारच्या गावातला एक मुलगा ५४ वर अडकला आणि ते त्याला एम.ए. झाल्यानंतर कळलं. पहिल्या सत्रापासून गुण मोजले जातात, तेव्हा "शेवटच्या वर्षी बघू" हे चालत नाही.

आता नानांचा प्रश्न. एका वर्षाने थांबलं तर पदविका मिळेल. पण त्या पदविकेवर नेट-सेट देता येत नाही, कारण तिथे पूर्ण एम.ए. मागतात. अकरावी-बारावीच्या शिक्षकालाही पूर्ण एम.ए. लागतं. म्हणजे वर सांगितलेले मोठे दोन रस्ते दुसऱ्या वर्षानंतरच उघडतात. बांध घालून, नांगरून, पेरणीच्या दिवशी घरी बसण्यासारखं ते आहे.

अगदीच अडचण आली तर मात्र सगळं वाया जात नाही. मिळवलेले क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात, साधारण सात वर्षांपर्यंत, आणि पुढे परत येऊन शिकता येतं. पण लग्न होऊन गेलेली पोरगी परत कॉलेजात किती येते, हे आपण आपल्या मनाला विचारावं.

खर्च आणि सोयी

अनुदानित कॉलेजात एम.ए.ची फी इंजिनिअरिंगसारखी नसते, काही हजारांत भागतं. विनाअनुदानित तुकडी असेल तर जास्त. प्रवेशाआधी फीची पावती कशाकशाची आहे, ते लेखी विचारून घ्या. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार जोडलेलं बँक खातं आधीच तयार ठेवा, नाहीतर सेतूवर ऐनवेळी गर्दी असते.

"मुलींना शिक्षण मोफत झालं" अशी बातमी २०२४ मध्ये सगळ्यांच्या मोबाइलवर आली होती. ती योजना मुख्यतः व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. एम.ए. त्या भरवशावर धरू नका, कॉलेजच्या कार्यालयात विचारा.

रोज जाणं शक्य नसेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. घरचं काम, शेती सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच ते आहे. दूरशिक्षणाची पदवी घेताना त्या अभ्यासक्रमाला यूजीसीची मान्यता आहे का, एवढं तपासा. वयाची लाज धरू नका. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, विद्यार्थी पासही आहे.

प्रवेशाआधी हे पाच प्रश्न विचारा

१. कॉलेजात या विषयाला पूर्णवेळ शिक्षक किती आहेत?
२. ग्रंथालय एम.ए.च्या मुलांना किती पुस्तकं, किती दिवस देतं?
३. संशोधन प्रकल्पाला मार्गदर्शक कोण, आणि विषय आपण निवडू शकतो का?
४. मागच्या तीन वर्षांत किती जण नेट-सेट झाले?
५. पोराला किंवा पोरीला खरंच वाचायची आवड आहे का, की दुसरीकडे नंबर लागला नाही म्हणून इथे?

पाचव्याचं उत्तर घरीच मिळतं. आवड नसेल तर दोन वर्षं घालवू नका, आयटीआय, नर्सिंग, दुसरं काहीही बरं. आवड असेल तर एम.ए. करताना सोबत पोटाचा दुसरा रस्ताही धरा, बी.एड. असो, टायपिंग असो, भाषांतर असो.

आमच्या घरी काय ठरलं?

हे सगळं मी नानांना सांगितलं. नोकरीची हमी नाही हेही सांगितलं, लपवलं नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाहुण्यांना सांग, एक वर्ष थांबायचं असेल तर थांबा. नाही तर दुसरं स्थळ बघू." फी त्यांनी सरकीचे पैसे आल्यावर भरायची ठरवली. तोवर निम्मी मी देतो आहे.

पाहुण्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. पोरीने तिसऱ्या सत्राचा अर्ज भरला आहे. संशोधन प्रकल्पाला तिने आखाजीच्या गाण्यांचाच विषय पुढे न्यायचं ठरवलं आहे. मायचं एक म्हणणं आहे, प्रकल्पाच्या वहीत गाण्याखाली तिचं नाव लिहावं. तिला वाचता येत नाही, पण कुठे लिहिलंय ते बोट ठेवून दाखवा, म्हणते.